कात्रीआधी बोटं

चाकण एमआयडीसीत येणारा बहुतेक प्रत्येक सुटा भाग कागदात गुंडाळलेला असतो, नाहीतर पुठ्ठ्यात बसवलेला. आरसे, दिवे, बेअरिंग, वायरिंगची जुडगी हे सगळं निघोजे, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडीच्या कारखान्यांत खोक्यांतून उतरतं. माल लाइनवर जातो आणि त्याचं वेष्टन मागच्या दाराने स्क्रॅपच्या टेम्पोत चढतं. तपकिरी क्राफ्ट पेपर, नालीदार पुठ्ठा, दोन थरांमध्ये घालायचे पातळ कागद, कोपरे सांभाळायच्या जाड पट्ट्या, लेबलांच्या उरलेल्या कडा असं बरंच काही त्यात असतं. भोसरी-तळवड्याकडच्या लहान वर्कशॉपमधूनही हाच माल निघतो, फक्त टेम्पोऐवजी हातगाडीवर.

यातला बराच माल वर्षानुवर्षं चिखलीजवळच्या कुदळवाडीत उतरत आला. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली आणि भंगाराची गोदामं विखुरली. कागद मात्र थांबला नाही. तो वेचणाऱ्या, निवडणाऱ्या, बांधणाऱ्या हातांची संघटना पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांत १९९३ पासून आहे. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत.

एवढा कागद वाहणाऱ्या या पट्ट्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हाती तो फार जपून दिला जातो. चित्रकलेची वही घेतली की पानं मोजून वापरायची, रेघ चुकली तरी पान फाडायचं नाही. फाडणं म्हणजे नासधूस, हे मुलाला अक्षरांच्या आधी शिकवलं जातं. म्हणूनच फाडलेल्या कागदांची चित्रं ही गोष्ट वेळ घालवायचा उद्योग म्हणून न पाहता गंभीरपणे घ्यायला हवी. तिला लागणारा जवळजवळ सगळा माल इथे फुकट आहे, आणि तिच्यातून मुलाला जे मिळतं ते विकतच्या रंगीत वर्कबुकात नाही.

आधी हाताबद्दल. माणूस जन्मतो तेव्हा मनगटातली आठही लहान हाडं कूर्चेची असतात. क्ष-किरणात ती दिसतही नाहीत. पुढची काही वर्षं ती एकेक करून घट्ट होत जातात आणि शेवटचं हाड नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान धरतं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन दोन ओळींच्या मध्ये ‘अ’ गिरवायला लावणं हे त्या मनगटाकडून फार लवकर फार काही मागणं आहे. कागद फाडताना वेगळंच घडतं. दोन्ही हातांच्या चिमट्या शेजारीशेजारी येतात, एक हात पुढे जातो, दुसरा मागे येतो, आणि किती जोर लावायचा ते डोळे, बोटं आणि कान मिळून ठरवतात. कानही, कारण वर्तमानपत्र सावकाश फाडलं तर वेगळा आवाज येतो आणि झटक्यात फाडलं तर वेगळा. पुढे पेन्सिल धरताना अंगठा आणि पहिली दोन बोटं जे काम करतात, त्याची तयारी इथे होते, आणि मुलाला ती तयारी वाटत नाही.

कागदाचंही आपलं म्हणणं असतं. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते. तेच आडवं फाडायला जा, फाट वाकडीतिकडी पळते. यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातले बहुतेक तंतू एका दिशेने पडतात. बाइंडिंगवाले याला कागदाची ग्रेन म्हणतात. चार वर्षांच्या मुलाला हे सांगावं लागत नाही. दोन-चार पानं फाडली की ते स्वतःच पान फिरवून बघू लागतं. क्राफ्ट पेपर लांब तंतूंचा, म्हणून तो चिवट. तो फाटतो तेव्हा कडेला लव सुटते, आणि मांजर, अस्वल किंवा गवत करायचं असेल तर ती कड आयतीच मिळते. गुळगुळीत मासिकाचं पान फाडलं की छापील रंगाच्या कडेला पांढरी किनार उमटते. ओढायची दिशा बदलली की ती किनार एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाते. नदीच्या पाण्यावरचा फेस, ढगाची कड, दुधावरची साय, सगळं त्या किनारीत सापडतं. कात्रीने कापलेल्या कडेत हे काहीच नसतं. बिस्किटाचं किंवा वेफर्सचं वेष्टन हाताने फाडायला घेतलं की ते ताणतं, चुरगळतं, पण नीट फाटत नाही. त्यात प्लॅस्टिकचे थर आहेत हे मुलाला तिथेच कळतं. ओल्या-सुक्या कचऱ्याचे फलक वाचता येण्याच्या कितीतरी आधी.

लहान मुलांच्या शिक्षणात परिसरातल्या वस्तू आणण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. माँटेसोरींची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या हीच साधनं झाली. बालवाडीत मुलं येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी हा शब्द रुजला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

कोसबाडला परिसर म्हणजे समुद्र आणि जंगल होतं. चाकणला परिसर म्हणजे पुठ्ठा. ताराबाई-अनुताईंची रीत मनापासून मानायची तर इथल्या बालवाडीत बाजारातून शिंपले आणायची गरज नाही. शेजारच्या कारखान्यातून येणारं खोकंच उघडायला हवं.

तसं उघडून बघणारा एक इंजिनिअर याच पट्ट्यात नोकरीला होता. अरविंद गुप्ता १९७५ साली आयआयटी कानपूरमधून बाहेर पडून टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, रुजू झाले आणि ट्रक बनवण्याच्या कामाला लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे सांधे म्हणून आणि काड्यापेटीतल्या काड्या दांड्या म्हणून वापरून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती जोडल्या. काडी-नळीची ही खेळणी पुढे देशभरच्या शाळांत पोचली. नंतर त्यांनी नोकरी सोडली, आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवत राहिले. त्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्याही होत्या आणि फडफडणारे पक्षीही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी विज्ञानाची आहेत, कोलाजची नाहीत. पण टाकून दिलेल्या वस्तूकडे मुलाच्या नजरेने बघायची त्यांची सवय पिंपरीच्या कामगार वसाहतींना परकी वाटायचं कारण नाही.

आता खऱ्या अडचणीकडे. ‘चिकटकाम’ आपल्या बालवाड्यांत आणि प्राथमिक शाळांत पिढ्यान् पिढ्या आहे. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागद, डिंकाची बाटली आणि ताईंनी किंवा बाईंनी आखून दिलेला आंबा. मुलांनी पिवळे तुकडे आंब्यात भरायचे, हिरवे पानात. तुकडा रेषेबाहेर गेला की बाई नखाने काढून पुन्हा आत लावतात. तासाच्या शेवटी भिंतीवर तीस आंबे लागतात आणि कोणता कुणाचा हे मागे नाव लिहिल्याशिवाय ओळखता येत नाही. यात तुकडे करणं आणि चिकटवणं आहे, थोडा संयमही आहे. ठरवणं नाही. काय करायचं, केवढं करायचं, कुठे ठेवायचं, कुठे थांबायचं हे सगळं आंबा आखणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

या पट्ट्यातल्या पालकांना तीस सारखे आंबे आवडतात, आणि त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. त्यांच्यातले कितीतरी जण दिवसाचे आठ तास गेज लावून भाग तपासतात. माप जरा हललं की भाग रिजेक्शनच्या लाल क्रेटमध्ये टाकतात. सारखेपणा हे त्यांच्या कामाचं कौशल्य आहे आणि त्यावरच घर चालतं. मुलाचं चित्र हातात आलं की नजर आपोआप त्याच सवयीने फिरते : हे कुठे वाकडं गेलं, हे का उरलं. त्या नजरेला दोष देऊन चालणार नाही. पालकसभेत त्यांच्या हातात वर्तमानपत्र देऊन कात्रीशिवाय एक मासा फाडायला सांगितला, तर पाच मिनिटांत त्यांना कळेल की बोटांनी वळण घेणं सोपं नाही आणि दोन माणसांचे मासे एकसारखे होत नाहीत. अशी सभा भाषणापेक्षा जास्त काम करेल.

आखलेला आंबा नको, तर मुलांना सुचणार कसं? ही शंका प्रामाणिक आहे. उत्तर चित्रकारांकडे आहे. १९५९ साली अमेरिकेत लिओ लिओनी आपल्या दोन लहान नातवंडांना घेऊन लोकल गाडीने चालले होते. मुलं आवरेनात. त्यांनी जवळच्या ‘लाइफ’ मासिकाच्या पानांतून निळे, पिवळे, हिरवे गोल फाडले आणि बॅग मांडीवर ठेवून त्यांच्यावरून गोष्ट सांगायला घेतली. निळा आणि पिवळा दोस्त, एकमेकांना इतके घट्ट बिलगतात की हिरवे होतात. हेच त्यांचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक झालं. त्यात गोलाला डोळे नाहीत, हातपाय नाहीत. फाटक्या कडेचे ठिपके, आणि मुलांना ते आई, वडील, मित्र म्हणून चटकन कळतात. आधी तुकडा आणि मग गोष्ट, हा क्रम लहान मुलांना स्वाभाविक असतो. आधी विषय आणि मग भरण, हा मोठ्यांचा क्रम.

जपानमध्ये कियोशी यामाशिता हा मुलगा १९३४ च्या सुमारास चिबा प्रांतातल्या एका निवासी संस्थेत आला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ती संस्था होती, आणि कागद फाडून चिकटवणं तिथल्या शिक्षणाचा भाग होता. पुढे तो देशभर पायी भटकला, पाहिलेलं लक्षात ठेवून परत येऊन चिकटवत राहिला, आणि जपानच्या लाडक्या चित्रकारांमध्ये गणला गेला. त्याचं नागाओकाच्या आतषबाजीचं चित्र प्रसिद्ध आहे. काळ्या आकाशात फुटणाऱ्या बाणांच्या रेषा त्याने कागदाच्या पट्ट्या पिळून, दोऱ्यासारख्या करून चिकटवल्या आहेत. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना हाच विषय सुचवून बघण्यासारखा आहे, फक्त फुटलेल्या फटाक्यांचे लाल कागद गोळा न करता, कारण त्यांना दारूची भुकटी लागलेली असते.

पण चाकण-पिंपरीला सगळ्यात जवळचं उदाहरण बंगालमधलं आहे. शकीला शेख दक्षिण चोवीस परगण्यातल्या. त्यांची आई भाजी विकायला कोलकात्याला यायची आणि लहान शकीला तिच्याबरोबर फुटपाथवर बसायची. बी. आर. पानेसर हे चित्रकार त्या भागातल्या मुलांना अंडी, खाऊ वाटायचे, म्हणून मुलं त्यांना अंडेवाले बाबू म्हणत. त्यांनी शकीलाला शाळेची वाट दाखवली. तिचं लग्न फार लवकर झालं. घर चालेना, तेव्हा पानेसरांच्या सांगण्यावरून ती कागदी पिशव्या करू लागली. एकदा ती पानेसरांच्या चित्रांचं प्रदर्शन बघून आली आणि घरी येऊन पुठ्ठ्यावर कागद चिकटवत भाज्या आणि फळं केली. ब्रश नाही, रंग नाही. पिशव्यांसाठी आणलेली रद्दी आणि पिशव्यांचीच खळ. १९९० च्या सुमारास तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. पुढे तिच्या कोलाजमध्ये गावातली घरं आली, काली आली, बायकांवरचे अत्याचार आले, आणि ती चित्रं देशाबाहेरही गेली.

शकीलाला कुणी वांगं आखून दिलं नव्हतं. रोज हाताळलेली भाजी आणि रोज हाताळलेला कागद, एवढं तिच्याकडे होतं. मेदनकरवाडी किंवा नाणेकरवाडीच्या दहा बाय दहाच्या खोल्यांतल्या मुलांकडेही रोज पाहिलेलं खूप असतं. कंपनीची बस, गॅसची टाकी, ट्रेलरवरून चाललेल्या नव्या गाड्या, चाकण बाजारातले कांद्याचे ढीग, गावाकडची म्हैस. यातली बरीच मुलं मराठवाडा-विदर्भातली, आणि बरीच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली. अंगणवाडीत पहिले काही आठवडे ती गप्प असतात, कारण गाणी मराठीत, गोष्ट मराठीत. कागद फाडायला भाषा लागत नाही. शेजारी बसलेल्या दोघांना एकच निळा कागद हवा असतो आणि तिथून बोलणं सुरू होतं. मऊ, खरखरीत, चकचकीत, अर्धा, जास्त, माझा, दे ना हे शब्द तक्त्यावरून शिकवण्यापेक्षा असे लवकर रुजतात.

कागद निवडताना मात्र डोळे उघडे हवेत, या पट्ट्यात तर विशेषच. इंजिनचे भाग आणि बेअरिंग ज्या तपकिरी कागदात गुंडाळून येतात, तो बऱ्याचदा साधा क्राफ्ट पेपर नसतो. लोखंडाला गंज चढू नये म्हणून त्यात रसायन मुरवलेलं असतं. कंपनीत त्याला व्हीसीआय पेपर म्हणतात. दिसायला तो सारखाच, पण मुलांच्या हाती तो येता कामा नये. तेलकट कागद, वापरलेला पॉलिश पेपर, पेंट शॉपमधला रंग उडालेला मास्किंग पेपर, हेही नको. एटीएमच्या आणि बिलांच्या गुळगुळीत पावत्यांवर रसायनाचा लेप असतो, त्याही बाजूला ठेवाव्यात. चालतं ते असं : बाहेरच्या खोक्यांचा कोरडा पुठ्ठा, भागांना न लागलेला आतला कागद, वर्तमानपत्राच्या पुरवण्या, जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्यांचे कागद, आकाशकंदिलातून उरलेला पतंगी कागद. पतंगी कागदाला ओली खळ लागली की रंग सुटतो. काही मुलांना हे फार आवडतं आणि चित्राचं सगळं धोरण तिथेच बदलतं. खाली चिकटवायला पाठकोरं मोठं पान लागतं. कंपन्यांच्या एका बाजूला छापलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरांची पानं उत्तम. कालनिर्णय इथे कामाचं नाही, त्याची मागची बाजू मजकुराने भरलेली असते.

विकतच्या गोंदापेक्षा खळ बरी. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, उकळत्या दीड वाटी पाण्यात ओतून ढवळत राहायचं आणि चकाकी आली की उतरवायचं. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, कागदाला कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या खळीत त्याचा कणही नको. त्यामुळे ही खळ टिकत नाही, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, आणि रोज ताजी करावी लागते. काही मुलांना बोटं चिकट झालेली अजिबात सोसत नाहीत. त्यांना ओलं फडकं शेजारी द्यावं किंवा काडीला कापूस गुंडाळून द्यावा, जबरदस्ती करू नये. वर्तमानपत्राची शाई हाताला लागते, म्हणून खाऊच्या आधी साबणाने हात धुणं न चुकवता.

तीन वर्षांच्या मुलाने पहिले काही दिवस फक्त फाडलं आणि काहीच चिकटवलं नाही, तर ते ठीक आहे. चौथ्या वर्षी तुकड्यांवर तुकडे, डोंगरच्या डोंगर चिकटतात आणि खळ संपते. पाचव्या वर्षाच्या पुढे मूल तुकडे आधी कोरडेच मांडून बघू लागतं, हलवतं, पुन्हा मांडतं, आणि मग चिकटवतं. त्या मांडून बघण्याला वेळ मिळाला पाहिजे. वीस मिनिटांच्या तासात तो मिळत नाही.

वेळ हीच अंगणवाडी ताईंची खरी टंचाई आहे. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवर भरायची माहिती, गृहभेटी, सर्वेक्षणं, आणि यातून उरलेल्या वेळात शिकवणं. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस मानधनासाठी संपावर गेल्या आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत संप चालला. त्यांना ‘आणखी एक उपक्रम’ म्हणून कोलाज देणं अन्यायाचं होईल. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला हे तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या विकासाचं स्वतंत्र क्षेत्र मानलं आहे. मग त्यासाठी आठवड्यातला एक सलग तास, एक बादली, एक स्टोव्ह आणि कागद निवडून आणणारं माणूस हे व्यवस्थेने द्यावं. कागद निवडून आणण्याचं काम कारखाने सहज करू शकतात. लहान मुलांची जबाबदारी त्यांना नवी नाही : तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवण्याचं बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच घातलं होतं. स्टोअरमधल्या ज्या माणसाला कोणत्या खोक्यात काय आलं हे पाठ असतं, त्याने स्वच्छ पुठ्ठ्याचा एक गठ्ठा महिन्यातून एकदा वेगळा बांधला, तर गावातल्या अंगणवाडीचा महिना निघतो.

बांधकामावरच्या मुलांसाठी हे काम अधिक निकडीचं आहे. मोशी, वाकड, ताथवड्याच्या टॉवरांखाली पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुलं काम संपलं की दुसऱ्या साइटवर जातात. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत मोबाइल क्रेशेस सुरू केलं, ते अशाच मुलांसाठी. पुढे मुंबई आणि पुण्यातही ते काम आलं. रजनी परांजपे यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली डोअर स्टेप स्कूलही पुण्यात आली आणि साइटवरच्या मुलांपर्यंत पोचली. जिथे मुलं तीन-चार महिन्यांत निघून जातात तिथे वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. एक चित्र मात्र एका दुपारी पुरं होतं, आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद वापरायचा मोह टाळला, कारण त्यात सिमेंटची धूळ अडकलेली असते, तर साइटवरही टाइल्सच्या खोक्यांचा पुठ्ठा भरपूर मिळतो.

चित्र झाल्यावर ‘हे काय आहे?’ असं विचारायची घाई करू नये. प्रश्न ऐकताच मूल काहीतरी नाव देऊन मोकळं होतं. ‘हा तुकडा कुठून आणलास?’, ‘हे इथे कसं आलं?’ असं विचारलं तर गोष्ट बाहेर पडते. ती मुलाच्या शब्दांत चित्रामागे लिहून ठेवावी, भोजपुरी असेल तर भोजपुरी, ओडिया असेल तर ओडिया, ऐकू आलं तसं देवनागरीत, खाली तारीख. ओलं चित्र पंख्याखाली वाळवलं तर कडा उचलतात. वर्तमानपत्रांच्या दोन थरांत घालून वर पाट ठेवला की सपाट राहतं. भाड्याच्या खोलीत मालक खिळा मारू देत नाही, तर खिडकीच्या गजांना सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगता येतात. अंगणवाडीत ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. न्यायला आलेल्या आईला ती बघायला थोडं वाकावं लागेल.